बाटलीला चिकटलेलं सालपट

१

दोन अहवाल, एकच मूल, मध्ये अवघे दोन दिवस, आणि चोर मात्र निरनिराळे. पहिल्या कागदावर ई-कोलाय, दुसऱ्यावर क्लेबसिएला. दोन्हीकडे मिलिलिटरमागे लाखाच्या वर जंतू. कुसुमावतीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्ही कागद टेबलावर पालथे घातले. छापील गोष्टीवर चटकन विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती.

एकतीस वर्षं त्यांनी दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवले आणि ओळखले होते. निवृत्त होऊन दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, तरी खोड जात नव्हती. घरी विरजण लावतानासुद्धा त्या घड्याळाकडे बघत. डॉ. क्षिप्रा शिकत असताना काचपट्टी रंगवायला त्यांच्याकडूनच शिकली होती. आता ती आर. के. पुरमच्या कडेला एका छोट्या नर्सिंग होममध्ये मुलांची डॉक्टर होती, आणि आज सकाळी तिनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, की ताई, मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय, पण काय ते दिसत नाही. म्हणून बाई आता तिच्या टेबलापाशी बसल्या होत्या.

मुलीचं नाव स्वरूपा, वय अडीच वर्षं, आणि आज तापाचा आठवा दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई तिला घेऊन आली, तेव्हा सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. लहान मुलाच्या तापाचं कारण सापडत नसेल तर लघवी तपासायची, हे पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. नर्सनं तिथंच चार थेंब धरले आणि त्यांत पस सेल्स दिसले, म्हणजे जंतूंशी लढायला जमणाऱ्या पांढऱ्या पेशी. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, घेणारं केंद्र तोवर बंद झालं होतं. म्हणून क्षिप्रानं निर्जंतुक बाटली हातात दिली आणि आईला नीट समजावलं. सकाळची पहिली लघवी, मुलीला आधी स्वच्छ धुवायचं, मधली धार धरायची, बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि अकराच्या आत पोचवायची.

चौथ्या दिवशी बाटली गेली, त्यानंतर औषध सुरू झालं. ताप हटेना म्हणून सहाव्या दिवशी दुसरी बाटली गेली. तिचा अहवाल आज आला होता. नवा जंतू, आणि चालू औषधाला दाद न देणारा. मुलीला सकाळीच दाखल करून घेतलं होतं. चार वाजता जे इंजेक्शन सुरू व्हायचं होतं ते जंतूंवर जालीम, पण मूत्रपिंडावर आणि कानांवर डोळा ठेवूनच द्यावं लागतं. ताप उतरला की मूत्राशयात नळी घालून रंग सोडायचा आणि एक्स-रे काढायचे, असंही ठरलं होतं.

"आत्ता ताजा नमुना घे की," कुसुमावतीबाई म्हणाल्या.

"घेऊन उपयोग काय? औषध पोटात आहे. काही उगवलं नाही तरी त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही."

हे खरं होतं. बाईंनी मान हलवली आणि विचारलं, की मग तिसऱ्या दिवशीचे ते चार थेंब कुठं आहेत. क्षिप्रा उठली, खणातून एक ट्रे काढला. अहवाल येईपर्यंत काचपट्टी फेकायची नाही, हा बाईंचाच धडा होता.

सूक्ष्मदर्शकावर बाई वीस मिनिटं वाकून बसल्या. बाहेर मे महिन्याची लू खिडकीच्या काचा तापवत होती आणि पलीकडच्या खोलीतून मुलीचं किरकिरणं ऐकू येत होतं. क्षिप्राला ती वीस मिनिटं सहन होत नव्हती.

"पोलीस भरपूर जमलेत," बाई शेवटी म्हणाल्या, "चोर एकही नाही. मिलिलिटरमध्ये लाख जंतू असतील ना, तर यंत्रात फिरवून दाट न केलेल्या थेंबातसुद्धा नजरेच्या प्रत्येक टप्प्यात एखादा तरी दिसतोच. मी सगळी काच पालथी घातली. तू पस सेल्स मोजल्यास आणि थांबलीस."

क्षिप्राचा चेहरा उतरला. मग हे लाख आले कुठून, तिनं विचारलं.

"मुलीच्या अंगातून नाही आले. बाटलीत वाढलेत, दोन्ही वेळा. कुठं, ते मला शोधू दे. चारपर्यंतचा वेळ माझा."

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

२

कल्चर घेणारं केंद्र मुनिरकाच्या गल्लीत होतं, आणि ते सांभाळणारा अमोल मूळचा वर्ध्याचा. बाईंनी स्वतःची ओळख करून देताच तो उभा राहिला आणि बाटल्या उन्हात पडून राहिल्या का, असं विचारताच खाली बसला.

"मॅडम, बिल्कुल नाही. आली की फ्रीजमध्ये, बाराला गाडी येते. हे बघा."

त्यानं फ्रीजच्या तापमानाची वही पुढं केली. बाईंनी वही बाजूला सारली. वह्या कशा लिहितात ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्या दोन दिवशी आलेल्या बाकीच्या बाटल्यांचे निकाल मागितले. पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी अकरा. त्यांतल्या बहुतेकांत काहीही उगवलं नव्हतं. अमोलचा फ्रीज बिघडला असता, तर सगळ्यांचंच वाटोळं झालं असतं. एकाच मुलीची बाटली दोनदा नासवायला फ्रीजला काही वैर नव्हतं.

"ती बाटली आली तेव्हा गरम होती?"

"अजिबात नाही. दोन्ही बार एकदम चिल्ड. बर्फाच्या थर्मासमध्ये आणली होती. एक ताई आणतात, मुलीची मावशी, उंच आहेत, यूपीएससी करतात. असे पेशंट रोज आले तर आम्ही दिवाळी साजरी करू."

बाई उठल्या. थंड बाटली, चोख लॅब, तत्पर मावशी. सगळेच सज्जन निघाले की त्यांना धास्ती वाटायची.

अमोल दारापर्यंत आला आणि ओशाळून हसला. म्हणाला, की एक फालतू गोष्ट आहे. दुसऱ्या वेळी बाटलीच्या रबरबँडखाली कांद्याचं सालपट अडकलं होतं. त्यानं ते काढून टाकलं. भाजीच्या पिशवीतून आणली असेल, असं त्याला वाटलं.

"आत्ताच तू थर्मास म्हणालास," बाई म्हणाल्या.

कांदे कुणी थर्मासमध्ये ठेवत नाही, आणि फ्रीजमध्येही नाही.

३

स्वरूपाचे वडील शहाजी एका मंत्रालयात कारकून होते आणि गेले दहा दिवस गुवाहाटीच्या दौऱ्यावर होते. आई स्वप्नाली नर्सिंग होममध्ये मुलीपाशी होती. सरकारी क्वार्टरचं दार उघडलं ते स्वप्नालीच्या बहिणीनं, ममतानं. आत जमिनीवर भिंतीला टेकून स्वप्नालीची सासू बसली होती. सखुबाई साताऱ्याकडच्या खेड्यातून दोन वर्षांपूर्वी नातीसाठी दिल्लीला आल्या होत्या.

ममता बेरसरायला खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करत होती आणि उत्तरंही परीक्षेतल्यासारखी मुद्देसूद द्यायची. दोन्ही दिवशी ती साडेदहाला आली. स्वतः फ्रीज उघडला, बाटली काढली, बर्फात ठेवली, स्कूटरवरून अकराला दहा कमी असताना केंद्रात दिली. भाजीची पिशवी जवळ नव्हती.

"बाटली फ्रीजमध्ये कुठल्या कप्प्यात होती?"

"दह्याच्या वाट्यांमागे."

बाईंनी फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात झाकलेलं दूध होतं, देवाच्या नैवेद्याचं. खाली झाकणाच्या वाट्या ओळीनं मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी होती. राजवर्धन, कौस्तुभ, मानस, शिवांगी. एकूण बारा. ममतानं जरा चाचरत सांगितलं, की ताई इथं अभ्यासाला आलेल्या मराठी मुलांना डबे देते. सात ते साडेनऊपर्यंत ती मुलं येतात, डबा उचलतात आणि आपापली दह्याची वाटी फ्रीजमधून काढून घेतात. ताईचा नियमच आहे, आईच्या घरासारखं वागायचं, मागत बसायचं नाही. पण सरकारी क्वार्टरमध्ये असं काही चालत नाही, म्हणून बाहेर कुणाला सांगू नका.

सखुबाईंना बाहेरच्या बाईचं असं फ्रीजमध्ये डोकं घालणं आवडलेलं दिसत नव्हतं. त्यांनी ममताला हाक मारली.

"ममे, बाल्कनीतल्या टोपलीतनं दोन कांदं काढ गं. माझा हात वर जात न्हाय."

बाई ममताच्या मागोमाग बाल्कनीत गेल्या. मांजराच्या भीतीनं कांद्याची टोपली छताच्या हुकाला टांगलेली होती. ममतानं सहज हात घातला. कुसुमावतीबाईंना टाचा उंचवाव्या लागल्या. समोरची भिंत उन्हानं तापून फुटायला आली होती आणि टोपलीतले कांदे हाताला ऊन लागत होते. सालपटं भुरुभुरू उडत होती.

आत आल्यावर बाई सखुबाईंजवळ खाली बसल्या आणि नातीविषयी विचारू लागल्या. म्हातारीचा आवाज लगेच बदलला. पोर खात नाही, डोळे लालभडक, ओठ फुटलेत, औषधानं अंगावर चट्टे उठले, हातपाय सुजल्यासारखे दिसतात.

"आन् जीभ बघा तिची. तुती खाल्ल्यावानी लाल, दानं दानं वर आल्यालं. म्या चार पोरं वाढीवली, अशी जीभ कुनाची बघितली न्हाय."

बाई डॉक्टर नव्हत्या, पण ती जीभ त्यांच्या मनात रुतून बसली. त्यांनी सरळच विचारलं, की सकाळी फ्रीजमधून बाटली कुणी काढली आणि कांद्याच्या टोपलीत कुणी ठेवली.

ममतानं मान वर केली, आणि सखुबाईंनी पदर सावरला.

"म्या काढली," त्या म्हणाल्या. "देवाच्या दुधापाशी मुताची बाटली मला चालत न्हाय."

४

तीन वाजून दहा मिनिटांनी सगळी मंडळी नर्सिंग होमच्या खोलीत जमली होती. स्वरूपा आईच्या मांडीवर ग्लानीत पडली होती. सलाइन लावलेलं होतं आणि इंजेक्शनची कुपी ट्रेमध्ये तयार होती. स्वप्नालीचे केस विस्कटलेले, आठ दिवसांची झोप डोळ्यांत साचलेली. दुसरा अहवाल आल्यावर एक नर्स तिला म्हणाली होती, की आईनं स्वच्छता ठेवली तर मुलींना असं होत नाही. ते वाक्य तिच्या चेहऱ्यावर अजून तसंच होतं.

क्षिप्रानं हलक्या आवाजात विचारलं, की गुन्हेगार सापडला का. कबुली तर मिळाली आहे, बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सखुबाईंकडे पाहिलं. सासूनं सोवळ्यापायी बाटली बाहेर ठेवली, ही गोष्ट कुणालाही लगेच पटली असती. ममताला पटलीच होती. ती सखुबाईंकडे बघतही नव्हती.

"सखुबाई, उजवा हात वर करा बघू."

म्हातारीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"खांदा धरलाय ना तुमचा? डावा?"

"त्यो बी तसाच," ममता नकळत बोलून गेली. "वेणीसुद्धा ताईच घालते त्यांची." आपण म्हातारीच्या बोलीत बोललो हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"ती टोपली टाचा उंचावल्याशिवाय माझ्याही हाताला येत नाही. तुम्ही बाटली तिच्यात ठेवली नाहीत. पण मी टोपलीचं नाव काढल्यावर तुम्हाला नवल वाटलं नाही. म्हणजे कुणाला तरी ठेवताना बघितलंत. ममता साडेदहाला येते, तेव्हा बाटली फ्रीजमध्ये परत आलेली असते. सात ते साडेनऊ घरातलं हात वर जाणारं माणूस एकच."

मग स्वप्नालीनं मुलीच्या डोक्यावरचा हात न काढता बोलायला सुरुवात केली.

"मुलं फ्रीज उघडतात. दह्याच्या मागं लघवीची बाटली दिसली असती तर एकानंही परत माझ्या हातचं खाल्लं नसतं. मी सहाला बाटली आत ठेवली, पहिलं पोरगं यायच्या आधी काढून टोपलीत लपवली, आणि सगळे गेल्यावर परत आत ठेवली. साडेदहापर्यंत ती गारठून जायची. देताना थंडच होती ना, मॅडम? मला वाटलं, थंड पोचली की झालं."

तिचा आवाज चिरला नाही, हेच वाईट होतं. नवऱ्याच्या दौऱ्यांत, परक्या शहरात, बारा लेकरांचे डबे ही तिची स्वतःची एकमेव गोष्ट होती, आणि ती वाचवताना तिनं आपल्याच लेकराला कुठं नेऊन ठेवलं, हे तिला आता कळत होतं.

"रोज दही लावतेस," कुसुमावतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवीसारखा खरखरीत नव्हता. "रात्री उबेत ठेवतेस. लागलं की फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये गेलं म्हणून त्याचं परत दूध होतं का?"

स्वप्नालीनं डोळे मिटले. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मुलीच्या कातडीवरचे मिलिलिटरमागे हजारभर जंतू धारेबरोबर बाटलीत उतरतात, ते सगळ्यांच्याच उतरतात. बाल्कनीतल्या अडीच तासांत त्यांचं विरजण लागलं होतं. पहिल्यांदा एक जात वाढली. दुसऱ्यांदा लघवीत औषध होतं, म्हणून त्या औषधाला न जुमानणारी जात वाढली. जंतू चिवट झाले नव्हते, आजारात ते कधी नव्हतेच.

"तुम्ही का आळ घेतला?" क्षिप्रानं सखुबाईंना विचारलं.

"तिला बोल लावायला समदी दुनिया हाय," म्हातारी म्हणाली. "म्या मरायला टेकल्याली. माझ्यावर एक गेला तर काय बिघडतंय."

स्वप्नालीला रडू फुटलं ते या वाक्याला. पण कुसुमावतीबाईंचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्या क्षिप्राकडे बघत होत्या, आणि घड्याळाकडे.

"चोर नाही म्हणून घटना घडली नाही असं होत नाही," त्या म्हणाल्या. "पोलीस खरे होते. मी ते मोजलेत. ते कशासाठी जमले होते, ते आता तू सांग. आणि आधी त्या मुलीची जीभ बघ."

५

क्षिप्रानं टॉर्च घेतला. जीभ लाल, दाणेदार. सकाळी दाखल करताना तिनं ती पाहिली नव्हती असं नाही. पाणी कमी पडलंय, असं म्हणून ती पुढं गेली होती. डोळे लाल, तर रडून झाले असतील. चट्टे उठले, तर औषधाची ॲलर्जी असेल. हात सुजले, तर सलाइननं. लघवीचा एक अहवाल हातात होता आणि बाकी प्रत्येक खुणेला तिनं त्याच्या मागं रांगेत उभं केलं होतं. तो कागद आता फाडून टाकला, आणि सगळ्या खुणा एकदम तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कावासाकी," ती पुटपुटली.

तिनं स्वप्नालीला खाली बसून सांगितलं. हा जंतूंचा आजार नाही. शरीर आपल्याच रक्तवाहिन्यांवर चिडतं. त्यात लघवीत पस सेल्स येतात, जंतूंशिवाय, आणि तिथंच डॉक्टर फसतात. धोका मूत्रपिंडाला नाही, हृदयाच्या नळ्यांना आहे. त्यावर औषध आहे, शिरेतून सावकाश द्यावं लागतं, आणि शक्यतो दहा दिवसांच्या आत.

"आज कितवा?" ममतानं विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

चार वाजता इंजेक्शन द्यायला नर्स आली, तेव्हा खोली रिकामी होती. मोठ्या इस्पितळाच्या बालविभागात क्षिप्रा स्वतः रुग्णवाहिकेतून गेली. हृदयाची सोनोग्राफी झाली, एका नळीला किंचित फुगवटा होता. औषध सुरू झालं. थेंबाथेंबानं ते पहाटेपर्यंत चाललं, आणि उजाडता उजाडता नवव्या दिवशी स्वरूपानं पाणी मागितलं. मग दही मागितलं.

इस्पितळाच्या बाकड्यावर स्वप्नालीनं कुसुमावतीबाईंना विचारलं, की चार दिवस माझ्यामुळं गेले ना. बाईंना खोटं बोलता येत नसे.

"थोडे तुझ्यामुळं. थोडे काच अर्धीच बघणारीमुळं. आणि थोडे आमच्यासारख्यांमुळं, बाटली फ्रीजमध्ये ठेवा म्हणून सांगतो, पण फ्रीज कुणाकुणाचा आहे ते विचारत नाही."

आठवड्यानं बाई क्वार्टरवर गेल्या. दुसरी सोनोग्राफी झाली होती. फुगवटा वाढला नव्हता, आता दीड महिन्यानं परत बघायचं होतं. पस सेल्स गेले का ते पाहायला लघवीही पुन्हा द्यायची होती, म्हणून बाटली फ्रीजमध्ये होती, वाट्यांच्या पुढं, अगदी समोर. फ्रीजच्या दारावर स्वप्नालीच्या अक्षरात कागद चिकटवला होता. आत स्वरूपाची लघवीची बाटली आहे, ज्याला चालत नसेल त्यानं दही बाहेर मागून घ्यावं. बारांपैकी एकानं डबा बंद केला. राजवर्धननं कागदाखाली पेनानं लिहिलं होतं, की चालतं.

सखुबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकाएकी त्यांनी हाक मारली, आणि त्या हाकेत भीती होती.

"डॉक्टरीनबाय, हे काय झालं हो पोरीला?"

कुसुमावतीबाई डॉक्टरीण नव्हत्या, पण त्यांनी तो इवलासा हात हातात घेतला. नखांच्या कडेनं बोटांची कातडी सुटून येत होती, पातळ, कोरडी, कांद्याच्या सालपटासारखी. पुस्तकात ही खूण शेवटी लिहिलेली असते. ताप सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसते आणि निदान बरोबर होतं की नाही ते सांगून जाते.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "हे सुटायचंच असतं. खाली नवी कातडी आहे."

स्वरूपानं बोट ओढून घेतलं, सुटलेलं सालपट दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरलं आणि उचलून आईला दाखवलं.